महिनाअखेरीचा गणपती

महाडच्या बाजारपेठेत सकाळची सर नुकतीच ओसरली आहे. दुकानांच्या पत्र्यांवरून पागोळ्या गळतायत, रस्त्यावर चिखल झालाय, आणि हातात दोन-दोन पिशव्या घेतलेली माणसं एकमेकांना खेटून त्यातून चालली आहेत. आज सोमवार. उद्या हरतालिका आणि परवा, 27 ऑगस्ट 2025 ला, गणपती. मी किराणा दुकानाच्या फळीपाशी उभी आहे. पुढे पाच-सहा बायका आणि मागे तितक्याच. आत शेठ गुळाची ढेप फोडतायत, त्यांचा मुलगा मोदकाची पिठी मोजतोय.

"खसखस शंभर ग्रॅम दे. नको, थांब, पन्नासच दे." काट्यावर पुडी चढल्यावर माझ्या पुढच्या काकी पुन्हा हात आडवा करतात. "पंचवीस कर रे बाबा."

मग नारळ. काकी एकेक नारळ कानाशी नेऊन हलवतात, पाण्याचा आवाज ऐकतात, खाली ठेवतात.

"कसा दिलात?"

"पन्नास."

"गेल्या वर्षी पंचवीस-तीसला नेला की हो मी!"

"काकी, मलाच वरून महाग पडतोय. सगळीकडे हीच बोंब आहे."

कोकण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर नारळाच्या बागा येतात, पण त्या श्रीवर्धनला, मुरूडला, किनाऱ्यालगत. महाड आणि त्याच्यापुढचं पोलादपूर हा आतला, डोंगराचा भाग. इथं भात, डोंगरउतारावर नाचणी-वरी, आणि नारळ विकतचा. गणपतीचे एकवीस मोदक, गौरीचा नैवेद्य, रोजच्या आरतीला वाढवायचा नारळ आणि आल्यागेल्याच्या ओटीचा एक, असा हिशोब काकी बोटांवर धरतात. सात बोटं होतात. त्या चार नारळ बाजूला काढतात आणि म्हणतात, "शेठ, लिहून ठेवा."

आज सकाळपासून या फळीवर हेच ऐकू येतंय. कारण साधं आहे. यंदा गणपती महिनाअखेरीला आला. सरकारी नोकरांना ऑगस्टचा पगार गणपतीआधी द्यायचं शासनानं ठरवलं, त्यामुळे शाळेत, तहसीलदार कचेरीत, दवाखान्यात नोकरी असलेल्यांच्या घरी थोडा सुकाळ आहे. पण महाडच्या एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली राबणारा पोरगा, नालासोपाऱ्याहून रोज अंधेरीला जाणारा सुरक्षारक्षक, दिव्यात राहून ठाण्याच्या दुकानात उभी राहणारी मुलगी, यांचा पगार सात तारखेनंतर. बोनस दिवाळीला. म्हणजे आमच्या भागातला वर्षाचा सगळ्यात मोठा खर्च नेमका खिसा रिकामा असताना आला आहे. गेल्या वर्षी गणपती 7 सप्टेंबरला होता आणि बऱ्याच घरांत तेव्हा हाती पैसे होते. शिवाय शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि तेलाचा आनंदाचा शिधा मिळाला होता. यंदा तोही नाही. पंचांग पगाराची तारीख बघून चालत नाही, पण आमच्या बायका दोन्ही तारखा एकत्र धरून घर चालवतात. त्यांचं हे कसब कुठल्याच मोजणीत येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

शेठ खातेवही उघडतात. लांबोडकी, लाल कापडी पुठ्ठ्याची. काकींच्या गावाचं नाव, त्याखाली काकींच्या घरातल्या कर्त्याचं नाव, त्याखाली तारीख. सही नाही, अंगठा नाही, व्याजाचा रकाना नाही. पान उलटताना त्यांचा हात क्षणभर थांबतो, कारण मागच्या फडताळात असलेल्या दुसऱ्या एका वहीकडे मी बघतेय हे त्यांच्या लक्षात येतं. ते ती काढून माझ्यासमोर ठेवतात. वही फुगून दुप्पट जाड झालेली आहे. पानं चिकटून फळी झाली आहे आणि कडेला मातीची बारीक, पिवळट-तपकिरी रेघ तशीच आहे. एक पान सुटं होतं. बॉलपेननं लिहिलेली नावं वाचता येतात, पण शाईच्या पेननं मांडलेल्या बेरजा पार विरघळून निळं पाणी झाल्या आहेत.

"22 जुलैची," शेठ म्हणतात. साल सांगत नाहीत. महाडात ते सांगावं लागत नाही.

2021 च्या त्या दिवशी सावित्री आणि गांधारीचं पाणी या बाजारपेठेत शिरलं आणि पहिल्या मजल्याला जाऊन टेकलं. त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. पाणी उतरल्यावर इथल्या प्रत्येक दुकानासमोर भिजलेल्या मालाचा ढीग होता आणि आठवडाभर गल्लीगल्लीतून कुजक्या धान्याचा वास जात नव्हता. त्या वर्षी गणपती 10 सप्टेंबरला होता. मध्ये जेमतेम सात आठवडे.

"मला वाटलं, आता उधारी गेली," शेठ सांगतात. "नावं हायत, पण आकडा कुठाय? मी कुणाला विचारायला गेलो नाय. ज्याचं घर वाहून गेलंय त्याला काय विचारायचं? तर गणपतीच्या तोंडावर एकेक जण येऊन फळीला उभा राहायला लागला. म्हणे, शेठ, माझे बाराशे होते, लिहा. माझे तीन हजार चारशे. मी लिहीत गेलो. नवी वही त्यांच्याच तोंडून लिहिली."

"आणि कमी सांगितलं असेल कुणी?"

"सांगितलं असेल. एका म्हातारीनं मला वाटत होते त्याच्यापेक्षा जास्तच सांगितले. तिला म्हटलं, आजी, एवढे नव्हते. ऐकेना."

काकी हे सगळं ऐकतायत. नारळ पिशवीत भरता भरता म्हणतात, "मग? देवासाठी नेलेलं बुडवायचं होय?" आणि निघतात.

महाड ही जुनी पेठ. खाडीतून गलबतांनी येणारा माल आणि वरंध घाटानं उतरणारा देशावरचा माल इथं एकमेकांना भेटायचा, म्हणून ती वसली. डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांचं वर्षभराचं मीठ-मिरची याच फळ्यांवरून गेलं आहे आणि बहुतेक उधारीवर. सुगीला भात आलं की फेडायचं, पुढे मुंबईहून मनिऑर्डर आली की फेडायचं, आता पोराच्या फोनवरून पैसे आले की फेडायचं. फळीच्या कडेला चिकटवलेल्या क्यूआर कोडच्या चौकटीवर फोन धरला की पैसे जातात आणि डबा मोठ्यानं रक्कम सांगतो. पण आज तो डबा कमी बोलतोय आणि वही जास्त चालतेय.

एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा नाही. मुंबईच्या गाड्या रात्रीच निघाल्या, पण इंदापूर-माणगावात अडकून पडल्या. या रस्त्याचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं. तेव्हा आईच्या कडेवर बसून आलेली पोरं आता मिसरूड फुटलेली, पाठीला सॅक लावून खिडकीतून उतरतायत. गाडी थांबण्याआधीच टपावरची दोरी सुटते. खाली येतं ते सामान बघत राहावं असं असतं. पुठ्ठ्याचं मखर, घडी घालून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. दिव्यांच्या माळा. नवा मिक्सर. एका खोक्यावर मार्करनं लिहिलंय, "आई, हळू उघड." भुलेश्वरची पडद्याची जर. मशिदबंदरचे काजू-बेदाणे. आणि प्रत्येकाच्या हातात एक पिशवी अशी की ती तो खाली ठेवत नाही. त्यात शेजारच्या घरांना द्यायचे पेढे आणि म्हाताऱ्यांच्या औषधांच्या गोळ्या.

पोलादपूरच्या गाडीत मला खिडकी मिळते. शेजारी नववार नेसलेल्या एक आजी. पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी फुकट, म्हणून त्या आधारकार्ड पोलक्यातून काढून कंडक्टरला दाखवतात. मला अर्धं तिकीट. मागच्या बाकावर दोघी-तिघी बोलतायत.

"तुझा हप्ता आला का गं, लाडक्या बहिणीचा?"

"नाय अजून. राखीला आला तो जुलैचा. मी त्याच्यावर साडी धरली होती सुनेला."

"माझा आला असता तरी गेला असता. मंगळवारी गटवाला येतो ना."

गटवाला म्हणजे आठवड्याचा हप्ता वसूल करणारा माणूस. बायकांचे दहा-दहाचे गट करून कर्ज देणाऱ्या कंपन्या आता पार शेवटच्या वाडीपर्यंत पोचल्या आहेत. एकीनं हप्ता चुकवला तर बाकीच्या नऊजणींनी भरायचा. बोलणारी सांगतेय की गेल्या वर्षी गणपतीला घराला पत्रा मारायचा म्हणून तिनं कर्ज काढलं, मग ते फेडायला दुसऱ्या गटातून. आता दोन्ही चालू आहेत. "मंगळवारी हरतालिका हाय, उपास हाय, म्हटलं तरी तो येणार. ओट्यावर बसून राहतो. पाणी पण मागत नाय."

हे ऐकताना माझ्या पोटात कालवतं. सणासाठी कर्ज काढू नये, असं शहरातली शहाणी माणसं सांगतात आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण आमच्या भागातला गणपतीचा खर्च म्हणजे उधळपट्टी, असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा मला ते पटत नाही आणि मी ते गप्प बसून ऐकून घेत नाही. वर्षभर या गावांतून माणसं जातात, तशी कमाईही जाते. लालबाग-परळच्या गिरण्या होत्या तेव्हा गावकीच्या एका खोलीत वीस-पंचवीस बाप्ये पाळीपाळीनं झोपायचे आणि मनिऑर्डर गावाला यायची. 1982 च्या संपानंतर ती तुटली. माणसं परत आली, पुन्हा गेली, यावेळी बायकापोरांना घेऊन गेली. आता तिकडचं भाडं, तिकडची शाळा, तिकडचा दवाखाना यात पगार संपतो. गणपतीचे हे थोडे दिवस तेवढे असे की ती कमाई हातात धरून गावात येते. घराचं कौल बदललं जातं, विहिरीचा पंप दुरुस्त होतो, बुरुडाची सुपं विकली जातात, मूर्तीवाल्याचं वर्ष निघतं, कातकरी बाईच्या टोपलीतली तवसं आणि हळदीची पानं संपतात. सण नसता तर हा पैसा इथं आलाच नसता. कर्ज कुणाकडून आणि कशा अटीवर, यावर जरूर बोलावं. शेठच्या वहीला हरतालिका कळते आणि मंगळवारच्या माणसाला ती कळत नाही, हा फरक मोठा आहे आणि तो मोडून काढायला बचतगटांच्या बायकांना बँकेचं स्वस्त कर्ज वेळेवर मिळायला हवं. पण सण करू नका, हा त्यावरचा उपाय कसा होईल?

महाड सुटून थोडं पुढे गेल्यावर सावित्रीचा पूल येतो आणि गाडीतलं बोलणं आपोआप थांबतं. आजी पदराची गाठ सोडतात. एक रुपया काढतात, माझ्या अंगावरून हात लांबवून खिडकीच्या गजातून नदीत टाकतात आणि कपाळाला हात लावतात. पलीकडच्या बाकांवरूनही दोन-तीन हात बाहेर गेलेले दिसतात. मुंबईला वाढलेला एक मुलगा आईला विचारतो, "कशाला टाकतात?" आई त्याला हळू आवाजात सांगते. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री इथला इंग्रजांच्या काळातला दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला. मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं अंधारात खाली गेली. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि 2017 च्या जूनमध्ये खुला झाला. आईला हे सगळं आकड्यानिशी माहीत नसावं, पण त्या गाडीत कोण कोण होतं ते ती सांगतेय. मुलगा खिशातून पाच रुपये काढतो. तोवर पूल मागे गेलेला असतो.

पोलादपूरला उतरून मी गणपतीच्या शाळेत जाते. सावित्रीच्या वरच्या अंगाचं हे गाव. महाबळेश्वरचा आंबेनळी घाट इथून सुरू होतो. शिवभारत लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी इथलीच. शाळा म्हणजे एक लांब पडवी, तिच्यावर निळी ताडपत्री, आत साठ-सत्तर मूर्ती. प्रत्येक मूर्ती आपापल्या घरच्या पाटावर. आषाढातच लोक पाट आणून देतात. शिसवीचे, सागाचे, फणसाचे, एक-दोन प्लायवूडचेही. पाटाच्या कडेला ऑइलपेंटनं घराचं नाव आणि वाडी. एका पाटावर तीन थरांनी नावं आहेत. आजोबांचं पुसट, त्यावर वडिलांचं, त्यावर मुलाचं ताजं, अजून चमकणारं.

मूर्तीकार शेवटच्या काही मूर्तींची डोळ्यांची आखणी करतायत. त्या वेळी कुणी बोलत नाही. ब्रश तीन केसांचा. ते श्वास धरून एक रेघ ओढतात, ब्रश उचलतात, मग श्वास सोडतात. शाडू पेणहून येतो, रंग मुंबईहून. यंदा दोन्हीचे भाव चढले. तरीही इथं मूर्तीला किमतीची चिठ्ठी नाही. नेणारा येतो, पाटापुढे नारळ, विडा आणि नोटा ठेवतो, मूर्तीला रुमाल घालतो, उचलतो. मूर्तीकार त्याच्यासमोर नोटा मोजत नाहीत.

"कमी ठेवतात का कुणी?" मी विचारते.

"ताई, ज्याची जशी ऐपत. एमआयडीसीवाल्यानं गेल्या वर्षी तीन हजार ठेवले, त्याच मापाच्या मूर्तीला वरच्या वाडीतल्या एकानं आठशे. वर्षाअखेर बेरीज जुळते. नाय जुळली तर मी बोलतो, पण देव घरी गेल्यावर. देव इथं असताना नाय."

एक पाट रिकामा आहे. भिंतीला उभा केलेला. मी नाव वाचायला वाकते तसे ते म्हणतात, "त्यांच्याकडं सुतक हाय. पुढल्या वर्षी." पाट परत नेलेला नाही. मूर्तीकारांनी तो पुसून ठेवलाय.

*

गौरीपूजनाचा दिवस. मी माहेरी आहे, पोलादपूरपासून वर डोंगरात. समोरची भातं निसवायला लागली आहेत. तेरड्याची गौर काल वाजत-गाजत घरात आली आणि आता मुखवटा, नवी साडी, आत्याच्या गळ्यातली बोरमाळ लेवून गणपतीशेजारी उभी आहे. चुलीवर घावनं चालू आहेत, घाटलं शिजतंय. खालच्या वाडीत तिखटाचा नैवेद्य असतो. तिकडून मसाल्याचा वास वर येतोय आणि आमची पोरं अस्वस्थ झाली आहेत.

दुपारी सुना ओवसायला बसतात. नवी सुपं, त्यांना सूत गुंडाळलेलं, आत हळदीची पानं, तवसं, पडवळाचा तुकडा, केळं, खारीक-बदाम, खणाची घडी. माझी धाकटी वहिनी मुंबईची, डोंबिवलीत वाढलेली. तिला सगळं शिकवावं लागतंय आणि ती मन लावून शिकतेय. सूप गौरीसमोर ओवाळून झालं की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातात द्यायचं, त्यांच्या पाया पडायचं. घेणाऱ्यानं सुपात पैसे टाकायचे. आमच्या आत्यांनी यासाठी दहाच्या कोऱ्या नोटा जमवून ठेवल्या आहेत. कुठून आणि कधीपासून, ते त्या कुणाला सांगत नाहीत. बिस्किटाच्या चपट्या डब्यातून त्या एकेक नोट काढतात, चुरगळू नये म्हणून दोन बोटांत धरतात आणि सुपात ठेवतात. वहिनीच्या सुपात त्या पाचशेची ठेवतात.

"आत्या, एवढे नको हो. तुमच्या औषधाला होतील."

"औषधाला तू देतेसच की. हे गौरीचं. हे घरात खर्च करायचे नायत, तुझ्यासाठी काय तरी घे."

आत्यांना विधवा पेन्शन आहे आणि कोंबड्यांची अंडी विकून थोडे सुटतात. पाचशे रुपये म्हणजे त्यांचे किती दिवस, हे वहिनीला ठाऊक आहे, आणि म्हणूनच तिचे डोळे भरून येतात. ती नोट परत करत नाही. आपल्या माणसानं पोटाला चिमटा काढून दिलेलं घेताना मान खाली घालून घ्यायचं असतं, हे तिला कुणी न शिकवता कळलं, याचा मला आनंद होतो.

रात्री जेवणं उरकली की सगळे देवळात जमतात. अंगणात जाखडीची पोरं पायांत चाळ बांधून तयार आहेत, पण आधी बैठक. गावकीचा वर्षाचा हिशोब गौरी-गणपतीतच होतो, कारण मुंबईचं मंडळ आणि गावातली माणसं एका जागी असण्याची ही आणि शिमग्याची, एवढीच संधी. बाप्ये सभामंडपात मांडी घालून, बायका उजवीकडे खांबांना टेकून. खजिनदार रिटायर झालेले पोस्टमन. त्यांचं अक्षर अजून मनिऑर्डरच्या फॉर्मवर लिहावं तसं सुटं आणि नीट.

"घरटी वर्गणी पंधराशे. एकूण घरं बेचाळीस. पैकी उघडी चोवीस, बंद अठरा."

बंद हा शब्द ऐकून कुणी हलत नाही, पण ऐकतात सगळे. बंद घरांची वर्गणी येते का, हा दरवर्षीचा प्रश्न. यंदा अठरापैकी पंधरा घरांची आली आहे. एकजण वडिलांच्या नावानं बडोद्याहून पाठवतो. त्याला गावात कुणी नीट पाहिलेलं नाही, त्याच्या घराच्या भिंती पडल्या, जोत्यावर घाणेरी माजली आहे. तरी पंधराशे येतात आणि खजिनदार त्या घराचं नाव वाचतात.

मग एका नावावर ते थांबतात. दिव्याला राहणारा मुलगा, मागे खांबाशी बसलेला. मार्चमध्ये त्याची कंपनी बंद पडली. त्याची वर्गणी बाकी आहे. तो उठायला लागतो तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक काका मागं न बघता म्हणतात, "ती माझ्यात आली हाय. वाचा पुढं." खजिनदार चष्मा वर करून त्यांच्याकडे बघतात, मग वहीत लिहितात. मी बायकांच्या कडेला बसलेय तिथून पान दिसतं. पंधराशे रुपये मुलाच्याच नावापुढे लिहिले जातात. पुढचं नाव वाचलं जातं. मुलगा अर्धवट उठलेला तसाच खाली बसतो.

शिल्लक एक लाख बारा हजार. तिचं काय करायचं, इथं आवाज चढतात. मुंबई मंडळाला सभामंडपाला मार्बल बसवायचाय. कोटेशन आणलंय, फोनवर फोटो फिरतोय, फोटोतलं देऊळ खरंच देखणं आहे. "आपल्या गावाची शान आहे," अध्यक्ष म्हणतात, आणि त्यांच्या आवाजात खोट काही नाही. या देवळासाठी त्यांनी सुट्ट्या टाकल्या आहेत, घरोघर फिरून पैसे जमवले आहेत.

खांबाला टेकलेली एक वहिनी पदर खोचून उभी राहते. ती गावातच राहते, बाराही महिने.

"मार्बल बसवा. पण आधी टाकीचं बोला."

कुणीतरी म्हणतं, जलजीवनची योजना मंजूर आहे, येईल.

"येईल तेव्हा येईल. तुमी आत्ता पावसात आलाय म्हणून तुमाला गावात पाणीच पाणी दिसतंय. एप्रिलात या. विहीर खडखडीत होती. टँकर आला तर आला. माझी सासू हंडा घेऊन ओढ्यात उतरताना पडली, मांडीचं हाड मोडलं. तिच्या ऑपरेशनला किती गेले ते विचारा ह्यांना."

पोलादपूर-महाडच्या डोंगरी वाड्यांची ही जुनी गत. पावसाळ्यात छपरं ठरणार नाहीत इतका पाऊस, पण उतार इतके तीव्र की सगळं पाणी सावित्रीला जाऊन मिळतं आणि होळीनंतर हंडे रांगेत लागतात. जे फक्त गणपतीला येतात त्यांना हे दिसत नाही. त्यांचा दोष नाही. त्यांची सुट्टीच हिरव्या दिवसांत असते.

"वरच्या झऱ्याला उन्हाळ्यातबी धार असते," वहिनी थांबत नाही. "बारीक असते, पण रात्रभर टाकीत साठली तर सकाळी चोवीस घरांना चार-चार हंडे होतील. मी मोजलंय. बादली भरायला किती वेळ लागतो ते मी मे महिन्यात घड्याळ लावून बघितलंय."

देवळात कुजबुज सुरू होते. अध्यक्ष मार्बलचा फोटो बंद करून फोन उलटा ठेवतात. दिव्याचा मुलगा मागून विचारतो, "पाइप किती लागेल, काकी? मी त्याच कामावर होतो. पीव्हीसी नको, उन्हात तडकतो. एचडीपीई घ्यावा लागेल."

"झऱ्यापासून देवळापर्यंत साडेतीनशे पावलं."

"म्हणजे अडीचशे मीटर धरू. उद्या सकाळी टेप घेऊन जाऊ या आपण. चार दिवस आहे मी इथं."

"उद्या गौरी विसर्जन हाय रे."

"मग विसर्जनाच्या आधी, उजाडल्या उजाडल्या जाऊ."

खजिनदार मार्बलच्या कोटेशनचा कागद पालथा करतात आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतात. पाइप, अडीचशे मीटर. टाकी, एक. सिमेंट किती ते गवंड्याला विचारून. बाहेर ढोलकीवाल्याचा धीर सुटलाय. त्यानं थाप मारून बघितली तशी अध्यक्ष ओरडतात, "अरे थांब जरा, पाण्याचं चाललंय!" आणि वहिनीकडे वळून विचारतात, "आणि टाकी ठेवायची कुठं? जागा कुणाची?"

"आमची घ्या," आत्या म्हणतात. "गोठ्याच्या मागची. नायतरी गुरं कुठं राह्यलीत आता."

"कागद करावा लागेल, आत्या. बक्षीसपत्र."

"करा की. माझा अंगठा हितंच हाय."

"त्याचा खर्च पण धरा मग," मागून कुणीतरी सांगतं, आणि खजिनदार कागदावर आणखी एक ओळ वाढवतात.